व्याह्यांशी दोन शब्द

पहिला तास सुरू होण्याआधी माझ्याकडे पालकांचं संमतिपत्र मागण्यात आलं, तेव्हा माझं वय एकाहत्तर वर्षं चार महिने होतं.

ऑनलाइन कोरियन भाषावर्गाचा तो अर्ज होता. 'विद्यार्थ्याचे नाव', 'शाळा अथवा महाविद्यालय', 'इयत्ता' आणि 'पालकाची सही' या चारही रकान्यांपुढे लाल चांदणी होती. चांदणीवाला रकाना रिकामा ठेवला की अर्ज जागचा हलत नाही. मी आयुष्यभर मुद्रितशोधक होतो. छापखान्यातल्या एका टेबलाशी बसून इतरांच्या चुका शोधायच्या, हा माझा चाळीस वर्षांचा धंदा. त्यामुळे चुकीची माहिती भरणं माझ्या हातून होत नाही. मी संस्थेला पत्र लिहिलं, की माझे वडील जाऊन सदतीस वर्षं झाली, आई जाऊन एकोणतीस, आणि इयत्ता सध्या कोणतीही नाही, तरी मार्ग सुचवावा. चार दिवसांनी उत्तर आलं : 'आपल्या पालकांना अडचण असल्यास त्यांनी आमच्या मदत क्रमांकावर संपर्क साधावा.'

शेवटी आमच्या हिने टॅब माझ्या हातातून ओढून घेतला.

"आणा इकडे. नातं विचारतायत. आई, वडील, इतर. 'इतर' टाकलं तर पुरावा मागतात. आईच टाकते."

"अगं, पण ते खोटं आहे."

"गेली पंचेचाळीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

अर्ज मंजूर झाला.

या वयात कोरियन कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला तो रोज पडतो. त्याचं उत्तर द्यायची लाज वाटते, पण दिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमचा मुलगा तिकडे कोरियात जहाजांच्या कारखान्यात नोकरीला आहे. लग्नही त्याने तिकडेच केलं. सून गोड आहे. तिला मराठीचे दहा-बारा शब्द येतात, त्यातले आठ जेवणाचे आहेत. दर रविवारी सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल असे, आणि त्यात सूनबाईंचे आईवडीलही येऊन बसत. आमची ही मराठीत बोले, विहीणबाई कोरियनमध्ये बोलत, आणि दोघींचं तासभर अगदी छान चाले. एकमेकींना स्वेटरची वीण दाखवत, कुंड्या दाखवत, दुखरे गुडघे दाखवत. एकदा दोघी मिळून कोणावर तरी इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. कोणावर हसलात म्हणून मी नंतर विचारलं, तर ही म्हणाली, "तुम्हा दोघांवर."

आम्ही दोघे व्याही म्हणजे दोन खांब. व्याहीबुवा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले; त्यांनाही बोलायची सवय नाही. ते मान झुकवत, मी मान झुकवी. मग ते पुन्हा झुकवत. यात आधी कोणी थांबायचं, हे न ठरल्यामुळे काही रविवारी आमचं हे बराच वेळ चाले. मग मी हसायचो, ते हसायचे, आणि रविवार साजरा व्हायचा. असे दोन वर्षांचे रविवार झाले.

मग विहीणबाई गेल्या. तीन आठवड्यांचं आजारपण. त्यानंतरच्या पहिल्या कॉलला व्याही एकटे खुर्चीत बसले होते. मी सांत्वनाचे चार शब्द लिहून काढले होते. चार कसले, दोन पानं होती, तीनदा तपासलेली. ती मी वाचून दाखवली. मुलाने त्याचा अनुवाद केला. आमचा मुलगा दोन भाषांच्या मध्ये उभा राहिला, की तारखात्यातल्यासारखे शब्द वाचवतो. माझी दोन पानं त्याने एका श्वासात संपवली. व्याह्यांनी मान झुकवली. मी झुकवली. त्यांनी पुन्हा झुकवली.

आणि मी हसलो.

दोन वर्षांची सवय. दात दिसतील असा, दिलखुलास हसलो. पत्नीला जाऊन पाच दिवस झालेल्या माणसाकडे बघून मी हसलो. व्याह्यांनी क्षणभर पाहिलं, खुर्चीतून उठले आणि पडद्याच्या चौकटीबाहेर गेले. त्यानंतरच्या कुठल्याही रविवारी ते आले नाहीत. "बाबा झोपलेत," असं मुलगा सांगे. तिकडे तेव्हा दुपार असते.

"अहो, हसलात काय!" ही म्हणाली होती. तेवढंच. पुढे तिने तो विषय काढला नाही, यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

मला त्या माणसाला त्याच्या भाषेत एक नीट वाक्य म्हणायचं होतं. मुलामार्फत नाही, माझ्या तोंडाने. विहीणबाईंना जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळे व्याह्यांच्या घरी जमणार होते आणि कॉल करणार होते. माझ्या हातात सात महिने होते.

आमच्या समोरच्या दारी विमेवाले राहतात. ते विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, पण लोकांच्या भवितव्याची काळजी वाहण्याचं काम त्यांनी सोडलेलं नाही. मी त्यांना सल्ला देताना कधी अडवत नाही. अडवायला बोलावं लागतं.

"साहेब, भाषा कशाला शिकताय?" ते म्हणाले. "फोनमध्ये मराठीत बोला, तो पलीकडे कोरियन बोलतो. माझ्या जावयाने अख्खा युरोप असा फिरून काढला."

त्यांनी आमच्याच घरच्या टॅबवर ते यंत्र उतरवून दिलं. मी लिहिलं : 'तुमच्या पत्नीच्या जाण्याने आम्ही पोरके झालो.' पलीकडे सुबक कोरियन उमटलं. पण मी मुद्रितशोधक. मी तेच कोरियन उचलून त्याच यंत्राला परत मराठीत करायला सांगितलं. उत्तर आलं : 'तुमची बायको निघून गेली आहे आणि आम्ही अनाथाश्रमात राहतो.'

"भावना पोचतायत ना?" विमेवाले म्हणाले.

मी वर्गात नाव घातलं ते असं.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला. जाहिरातीत 'संपूर्ण नवशिक्यांसाठी' असं लिहिलं होतं. संपूर्ण नवशिका मी एकटाच निघालो. बाकीच्या तेरा जणी तेरा ते एकोणीस वयाच्या मुली होत्या. मालिका पाहून आणि गाणी ऐकून त्या आधीच घडाघडा बोलत होत्या. वर्गाला त्या केवळ प्रमाणपत्रासाठी आल्या होत्या. मी कॅमेरा बंद ठेवला आणि पेन्सिलीला टोक केलं.

शिकवणाऱ्या बाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, चार वर्षं तिकडे राहून आलेल्या. हजेरी घेताना त्या अचानक म्हणाल्या, "आई, आवाज येतोय का?"

मला वाटलं, त्यांच्या घरात त्यांच्या मातोश्री असतील.

"आई? आई नावाने कोण आलंय?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टॅब आमच्या हिचा. मुलाने तो घेऊन दिला तेव्हा त्यावर 'आई' असं नाव घालून ठेवलं होतं, आणि वर्गात मी त्याच नावाने दिसत होतो.

"मी," मी म्हणालो.

माझा आवाज घोगरा आहे. तेरा चौकोनांत एकाच वेळी हात तोंडावर गेले.

नाव बदलण्यासाठी मी संस्थेकडे रीतसर अर्ज केला. त्यात 'नावातील बदलाचे कारण' म्हणून दोनच पर्याय होते : विवाह आणि घटस्फोट. दोन्हींना प्रमाणपत्र जोडायचं होतं. मी तो नाद सोडला. त्या दिवसापासून मी आई झालो. "आई, पान सात वाचा." "आई, पुन्हा म्हणा." आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून हिचा आवाज येई, "काय रे?" सात महिन्यांत ती सवय तिची गेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मला आयुष्यातला पहिला मेमो मिळाला. छापखान्यात चाळीस वर्षांत मला कधी कारणे दाखवा नोटीस आली नव्हती. एकदा मी चुकून एका आमंत्रणपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या काकांचं नाव जाऊ दिलं होतं, तेव्हासुद्धा नाही. संस्थेने लिहिलं होतं : 'आई या नावाने एक पुरुष कॅमेरा बंद ठेवून मुलींच्या वर्गात बसतो, अशी एका पालकांची तक्रार आहे. चोवीस तासांत खुलासा करावा.'

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! त्यात एकही चूक नव्हती. अक्षर न् अक्षर खरं होतं. मान वर करून बाहेर फिरायला जायची मला सोय उरली नाही. मी दोन पानी खुलासा लिहिला. उत्तर आलं, की आपल्या पालकांनी गुरुवारी चार वाजता ऑनलाइन बैठकीस हजर राहावं.

ही हजर राहिली. केस विंचरून, चांगली साडी नेसून टॅबसमोर बसली. मी दाराआड उभा होतो. बैठक दहा मिनिटांत संपली.

"काय म्हणाले?"

"हुशार आहेत, पण वर्गात बोलत नाहीत म्हणाले. चिरंजीव सातवीत होते तेव्हा त्यांच्या मास्तरांनी हेच सांगितलं होतं. कॅमेरा चालू ठेवायचा आणि हात वर करायचा. मी म्हटलं, समजावते घरी."

पुढच्या तासाला मी कॅमेरा चालू केला. माझ्या पाठीमागे वाळत घातलेले पायजमे होते, हे मला तास संपल्यावर कळलं. एक चष्मेवाली मुलगी ओरडली, "अय्या, खरंच आजोबा आहेत!" त्यातला 'खरंच' मला फार लागला. म्हणजे तोवर त्यांच्यात दुसरंच काही बोललं जात होतं.

उच्चारांचं काय सांगू! कोरियनमध्ये 'क'च्या घराण्यातली तीन अक्षरं आहेत, आणि आम्ही ती वेगळी ओळखावीत अशी त्यांची अपेक्षा असते. बाईंनी युक्ती सांगितली : तोंडासमोर कागद धरायचा. एका अक्षराला तो फडफडला पाहिजे, दुसऱ्याला मुळीच हलता कामा नये, आणि तिसऱ्याला किंचित थरथरला पाहिजे. मी कागद धरला. पहिल्या अक्षराला कागद हलला नाही, माझी वरची कवळी हलली. दुसऱ्या अक्षराला कागद फडफडला. तिसऱ्याला कवळी कागदावर आली.

त्यानंतर मी सराव न्हाणीघरात करू लागलो. न्हाणीघराचा झरोका चौकात उघडतो आणि विमेवाल्यांचाही झरोका चौकातच उघडतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एका सकाळी ते धावत आले. हातात त्यांच्या मेहुण्याचा, मेंदूच्या डॉक्टरांचा, फोन नंबर होता.

"साहेब, जीभ जड झालीय का? खरं सांगा. दोन दिवस ऐकतोय मी. डावा हात वर करा बघू."

मी केला.

"आता हसून दाखवा."

"नाही," मी म्हणालो.

"हसून दाखवा साहेब, एक बाजू वाकडी होते का ते बघायचंय!"

"मी हसणार नाही," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं. इतक्या ठामपणे मी त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो. त्यावरून त्यांची खात्रीच पटली, की डोक्याला काहीतरी झालेलं आहे. आठवडाभर इमारतीतली माणसं माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत होती.

एवढं सोसूनही मला हवं होतं ते पुस्तकात नव्हतंच. पहिल्या धड्यात 'मी विद्यार्थी आहे' होतं. तिसऱ्यात कॉफी होती, पाचव्यात विमानतळ, सातव्यात टोपीची खरेदी. मी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. त्यातली माणसं कॉफी पितात, विमान पकडतात, टोप्या बदलतात, शनिवारी मित्रांना भेटतात. त्यांच्यात कोणी मरत नाही. छपाईच्या सतरा चुका मात्र मला सापडल्या, त्या मी पानं आणि ओळींसह संस्थेला कळवल्या. 'आपली सूचना 'इतर' या सदरात नोंदवली आहे,' असं उत्तर आलं.

एक दिवस मी हात वर केला. हात वर केल्याचं चिन्ह दिसल्यावर बाई इतक्या आनंदल्या, की मला प्रश्न विचारायची लाज वाटू लागली.

"बाई, दुःख कोणत्या धड्यात येतं?"

तेरा चौकोनांत पुस्तकाची पानं उलटली गेली.

"दुःख... 'भावना' असा धडा आहे, आई. पण तो चौथ्या पातळीला."

एकेक पातळी सहा महिन्यांची. म्हणजे दुःखापर्यंत पोचायला मला किमान दीड वर्ष लागणार होतं, तेही प्रत्येक पातळीत पास झालो तर. व्याही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

आणि मी पहिल्याच पातळीत नापास झालो. शंभरात एकतीस. लेखी बरं गेलं होतं. तोंडी परीक्षेत शून्य मिळालं. परीक्षकांनी कोरियनमध्ये विचारलं, की गेल्या शनिवारी तुम्ही काय केलंत? मुलींनी उत्तरं पाठ केली होती : मित्राला भेटले, सिनेमा पाहिला. माझ्यापुढे खरा पेच पडला. मी मित्राला भेटलो नव्हतो. मला मित्र नाहीत. गेल्या शनिवारी मी जुन्या शब्दकोशाची निसटलेली पानं चिकटवत बसलो होतो, आणि 'चिकटवणे'ला कोरियनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. सिनेमा पाहिला, असं म्हणायला काय हरकत होती? पण न पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणून सांगणं माझ्या जिभेवर येईना. मी दोन मिनिटं परीक्षकांकडे पाहत बसलो. त्यांना वाटलं, चित्र अडकलंय. ते तीनदा म्हणाले, "तुम्ही गोठला आहात." तेही खरंच होतं.

या सगळ्या काळात एकच दिवस चांगला गेला. मी कोरियनचा जाड शब्दकोश मागवला होता, आणि तो सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचत होतो. एका दुपारी 'सादोन' हा शब्द आला. अर्थ : मुलाचा सासरा किंवा मुलीचा सासरा. मी पुन्हा वाचला. इंग्रजीत व्याही नाही. त्या भाषेत लग्नातून आलेली सगळी माणसं एकाच पोत्यात भरतात. आणि इथे स्वतंत्र शब्द होता. त्याच्यापुढे 'ओरून' लावलं, की मानाने हाक मारल्यासारखं होतं, असंही दिलं होतं. मी शब्दकोश उचलून स्वयंपाकघरात गेलो.

"हे बघ, त्यांच्यातही व्याही असतात."

"नसायला काय झालं?" ही म्हणाली. "मुलं होतात, लग्नं होतात, मग व्याही होणारच. त्यात शोध कसला लागला?"

तरी माझा तो दिवस चांगलाच गेला.

निकालानंतरच्या तासाला बाईंनी मला थांबायला सांगितलं. तेरा चौकोन एकामागून एक विझले आणि दोनच उरले. मला वाटलं, आता नाव काढून टाकतायत.

"आजोबा," त्या म्हणाल्या. त्यांनी 'आई' म्हटलं नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. "रागावू नका. पण तुम्ही हे कशासाठी करताय? प्रमाणपत्र हवंय का?"

मी सांगितलं. हसलो, हेही सांगितलं. ते मी विमेवाल्यांना सांगितलं नव्हतं, मुलाशीही त्याविषयी बोललो नव्हतो. बाईंनी समोरचं पुस्तक मिटलं. मग त्या म्हणाल्या, "चौथ्या पातळीपर्यंत थांबू नका. लिहून घ्या."

ओल्माना सांगशिमी खुशिम्निक्का. तुमचं दुःख केवढं मोठं असेल!

"एवढंच?"

"एवढंच म्हणतात तिकडे. आधी सादोन-ओरून म्हणा, मग हे. आणि घाबरू नका, याला कोणी उत्तर देत नाही. ते मान झुकवतील, तुम्हीही झुकवा. झालं."

मान झुकवणं मला येत होतं. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

एकोणीस दिवस उरले होते. मी ते वाक्य घरभर म्हणत फिरलो. तिसऱ्या दिवशी ही भाजी चिरता चिरता ते माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणू लागली. तिचा कागद फडफडायचा तिथे फडफडला असता, थरथरायचा तिथे थरथरला असता. दहाव्या दिवशी मी हार मानली.

"तूच म्हण त्या दिवशी. तुला छान येतं."

तिने सुरी खाली ठेवली. "मी कशाला? हसलात तुम्ही."

मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

विहीणबाईंना वर्ष झालं तो दिवस बुधवार होता. दहा वाजता आम्ही दोघे टॅबसमोर बसलो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पाठीमागचे पायजमे उतरवले होते. पडदा उजळला. मुलगा, सूनबाई, आणि मधे काळ्या कोटात व्याही. वर्षात ते निम्मे झाले होते. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मांडीवरच्या हातांकडे पाहत होते.

मी मुलाला बोलू दिलं नाही. हात वर केला, वर्गात करतो तसा, आणि वाक्य म्हणालो. मी सांगतो, सात महिन्यांत ते इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं. प्रत्येक अक्षर जागच्या जागी पडलं. म्हणून संपवलं आणि मान झुकवली.

कोणी हललं नाही. व्याही हातांकडेच पाहत होते.

"बाबा," मुलाचा आवाज आला, "तुमचा आवाज बंद आहे."

हिने माझ्या खांद्यावरून हात घालून कुठलीशी खूण दाबली. मला तिथून उठून जायचं होतं. आयुष्यात मी एकच गोष्ट बिनचूक बोललो होतो आणि ती कोणी ऐकली नव्हती. माणसाला एका दिवशी असं किती वेळा बोलता येतं? हिने कोपराने ढोसलं.

"सादोन-ओरून," मी म्हणालो.

व्याह्यांची मान वर आली.

पुढचं वाक्य वाईट आलं. मधल्या एका अक्षराला कवळी हलली. पण मी शेवटपर्यंत पोचलो. मग मान झुकवायची म्हणून झुकवली, आणि व्याही झुकवतील म्हणून वाट पाहत राहिलो.

त्यांनी झुकवली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुढे वाकून त्यांनी मुलाच्या हातातून फोन काढून घेतला. पडद्यावर छत दिसलं, दिवा दिसला, सूनबाईंचा खांदा दिसला, मुलाचा आवाज मागे राहिला. एक दार लागल्याचा आवाज झाला. मग व्याह्यांचा चेहरा अगदी जवळ आला, एक कान चौकटीबाहेर. ते पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली.

मला वाटलं, दोन वाक्यं असतील. एक तर 'आभारी आहे' असेल, ते मला ओळखता येईल. पण ते थांबेचनात. हळूहळू, खालच्या आवाजात, घड्याळाचे भाग एकेक करून टेबलावर मांडावेत तसे ते शब्द मांडत होते, आणि मला त्यातला एकही उचलता येत नव्हता. कुठे 'पाणी' आल्यासारखं वाटलं. कुठे 'अकरा'. पुस्तकातल्या माणसांसारखं ते बोलतच नव्हते. मधे उठून त्यांनी कपाटातून गोळ्यांची एक पट्टी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. दोन गोळ्या उरल्या होत्या. त्या बोटाने दाखवून ते काहीतरी विचारल्यासारखं म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली.

ही कानाशी कुजबुजली, "काय म्हणतायत?"

"माहीत नाही."

"मग मान कशाला हलवताय?"

"मग काय करू?"

खरं सांगायचं तर काय करायचं ते मला माहीत होतं. 'मला समजत नाही' हे वाक्य पहिल्याच धड्यात आहे. मोरुगेस्सोयो. ते मला झोपेतसुद्धा बिनचूक येतं. सात महिन्यांत सगळ्यांत जास्त वेळा मी तेच म्हटलेलं आहे. प्रामाणिक माणसाने ते त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. न पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणायला ज्याची जीभ वळली नाही, तो मी इथे चाळीस मिनिटं न कळलेल्या गोष्टी कळल्या म्हणून मान हलवत होतो. समोरचा माणूस रडत होता, मग बोलत होता, मग एकदा चक्क हसला, आणि मी प्रत्येक वेळी आधी त्याचा चेहरा पाहून मग माझा चेहरा करत होतो. एवढी मोठी लबाडी मी आयुष्यात केलेली नाही. ते वाक्य दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा मी ते गिळलं.

शेवटी त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, एक छोटं वाक्य म्हणाले, खोलवर मान झुकवली आणि फोन बंद केला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"बाबा, काय बोलत होते ते तुमच्याशी?"

"तुला ठाऊक नाही?"

"दार लावून घेतलं होतं त्यांनी! वर्षभर आमच्याशी 'हो' आणि 'नको' एवढंच बोलतात. आता जेवताना हिला म्हणाले, तुझ्या सासऱ्यांना सगळं समजतं. बाबा, तुम्ही इतकं कोरियन कधी शिकलात?"

"बघ, तू त्यांना सांगू नकोस," मी म्हणालो.

"काय सांगू नको?"

"काहीच सांगू नकोस."

फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे बघत राहिली. "शोभतं का हे तुम्हाला? बिचाऱ्यांना वाटतंय, तुम्हाला कळलं. आता संपलं एकदाचं, तेवढंच बरं."

"संपलं नाही," मी म्हणालो. "ते उद्या पुन्हा फोन करणार आहेत."

"तुम्हाला काय माहीत?"

"शेवटच्या वाक्यात 'उद्या' होतं. तेवढं कळलं."

त्याला आता पाच आठवडे झाले. रोज बरोबर दहा वाजता फोन येतो. घड्याळवाल्याचा नेम आहे, मिनिटाचा फरक पडत नाही. विमेवाल्यांनी सल्ला दिला, की साहेब, सरळ आजारी आहे म्हणून सांगा. ते कोरियनमध्ये कसं सांगायचं ते मला येत नाही, आणि येत असतं तरी मी आजारी नाही. मी पहिल्या पातळीला पुन्हा नाव घातलं आहे. या गतीने त्यांचं एक दिवसाचं बोलणं समजायला मला किती वर्षं लागतील, याचा हिशेब मी एकदा मांडला होता आणि अर्ध्यावर खोडून टाकला. ते बोलतात, मी शब्दकोश मांडीवर ठेवून बसतो, एखादा शब्द ओळखीचा वाटला की पेन्सिलीने टिपून घेतो. बहुतेक दिवशी कागद कोरा राहतो.

परवा मात्र मला 'मीठ' कळलं. सोगुम. तीनदा म्हणाले, म्हणून पकडता आलं. विहीणबाई मीठ कमी घालायच्या, की जास्त, की त्या गेल्यापासून घरात मीठ कुठे आहे ते यांना सापडत नाही, ते काही लागलं नाही. सांगता सांगता ते थांबले, आठवून हसले, इतके हसले की चष्मा काढावा लागला, आणि मग बराच वेळ तो हातातच धरून बसले. मीही बसलो. मिठाचं काय झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.